मधल्या सुट्टीचा प्रश्न

दि. ९ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून जीव भांड्यात पडला. पण चढू देतो म्हणून सारखी वर-खाली करत बसू नकोस.

इकडे आठवडाभर धुकं आहे. सकाळी खिडकी उघडली की समोरची इमारत नसतेच. चहा होईपर्यंत ती हळूहळू परत येते. आधी गच्चीवरच्या टाक्या, मग खिडक्या, मग खालचं न्हाव्याचं दुकान. आईला हे दिवस फार आवडतात. ती म्हणते, धुक्यात ऐकू येणारी माणसंसुद्धा डोळे ताणून चालतात, एकमेकांकडे नीट बघतात, म्हणजे चार दिवस का होईना सगळं शहर तिच्यासारखं होतं.

परवा तिला शाळेचं स्वप्न पडलं. तिची शाळा आठवते ना तुला? नदीकाठची पिवळी इमारत, बहिऱ्या मुलांची. स्वप्नात ती इमारत काठापासून सुटली आणि पाण्यावरून संथ निघाली. कोणी घाबरलेलं नाही, कोणाचे कपडे ओले नाहीत. सगळ्या खिडक्यांत दिवे आणि प्रत्येक खिडकीत मुलं, हातांनी बोलणारी. वरच्या मजल्यावर बाबा होते. छापखान्यातून नुकतेच सुटून आल्यासारखे, बोटांना शाई लागलेली. ते काहीतरी सांगत होते आणि आई काठावरून चालत चालत त्यांना उत्तरं देत होती. काय सांगत होते, ते मात्र मला कळलं नाही. आई हे सांगत होती बटाटे सोलताना. तिचे हात भरलेले असले की अर्धं वाक्य बटाट्यालाच कळतं.

स्वप्न कुठून आलं ते उघड आहे. सरकारने लहान शाळा मोठ्या शाळांमध्ये मिसळायचं ठरवलंय. आईची शाळा त्यात आहे. मुलं आता चौकातल्या मोठ्या शाळेत जाणार आणि पिवळ्या इमारतीत कुठलंसं कार्यालय येणार. कागदावर वाचलं तर वाईट वाटत नाही. सगळ्यांना एकच शाळा, एकच पटांगण, नवी बाकं, प्रत्येक मुलाला कानाचं नवं यंत्र. दादा तर इतकं छान समजावून सांगतो की ऐकताना मलाही पटतं.

तुझ्याकडे टीव्ही नाही म्हणून सांगते. सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता म्हणून तो आता रोज संध्याकाळी दिसतो. बहिऱ्या आईबापांच्या घरातला मुलगा, आणि पोटापाण्याला काय करतो, तर बोलतो. बाबा असते तर हा विनोद त्यांनी छापखान्यातल्या सगळ्यांना सांगितला असता. आई टीव्ही लावते, आवाज अर्थातच बंद, आणि त्याच्याकडे बघत बसते. तो कायम एक हात खिशात घालून बोलतो. लोकांना ते ऐटबाज वाटतं. मला तू आठवतेस. आम्हाला बोलायला शिकवायला तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा त्याला सारखं सांगायचीस, "हात खिशात ठेव आणि तोंडाने सांग." मी ऐकलं नाही, त्याने ऐकलं. म्हणून तो प्रवक्ता झाला आणि मी दुभाषी.

माझं काम नेहमीसारखं. सोमवारी न्यायालय, बुधवारी रुग्णालय. रुग्णालयात एका आजोबांना डॉक्टर सांगत होते, मीठ कमी करा. आजोबांनी मला खुणेने विचारलं, "हा डॉक्टर स्वतः जेवतो का?" खुणेने बोललेलं आम्ही "ते असं विचारतायत" म्हणून न सांगता त्यांच्या जागी "मी" होऊनच बोलतो, तो आमचा नियम आहे. ज्याचे हात, त्याचा "मी". त्यामुळे मी गंभीर चेहऱ्याने डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही स्वतः जेवता का?" ते इतके हसले की तपासायचं विसरले.

पुढच्या रविवारी दुपारी नगरसभागृहात जाहीर चर्चा आहे. निवडणूक जवळ आली, म्हणून सरकारच्या कारभारावर लोकांनी थेट प्रश्न विचारायचे. सरकारकडून दादा बोलणार, विरोधी पक्षाकडून त्या चष्मेवाल्या बाई. दुभाषी म्हणून मी आणि माझी जोडीदारीण, आळीपाळीने. दादा माझा भाऊ आहे हे मी वरिष्ठांच्या कानावर घातलंय. ते म्हणाले, "दोघी आहात ना, मग काय हरकत आहे?"

दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलला. बरा आहे. कामात आहे.

आई तुझ्याबद्दल विचारत होती. तिने तुझं नाव घेतलं की मला हसू येतं. खांद्यांवरून दोन्ही बाजूंना बोटं खाली सोडते, म्हणजे दोन वेण्या. तुझे केस कापूनही किती काळ लोटला, पण हातांमध्ये तू अजून दोन वेण्याच आहेस.

जप स्वतःला.

तुझी,
टिटवी


दि. २ एप्रिल

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पत्र आलं. चारच ओळी. तू इतकं कमी लिहितेस तेव्हा पेन हातात घेऊन बराच वेळ बसलेली असतेस, हे मला माहीत आहे.

तुझ्या शेजारणीने तुला सांगितलं, "तुमच्या बहिणीने भर सभेत पोटच्या मुलाची अब्रू काढली." आणि तू मला एवढंच विचारलंस, की ती नेमकं काय बोलली?

सांगते. पण सुरुवातीपासून सांगू दे.

मागच्या पत्रात दादा इकडचं तिकडचं बोलला असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. तो म्हणाला होता, "टिटवे, त्या दिवशी तू रजा टाक."

मी म्हटलं, "का?"

"तू समोर असलीस की मला बोलायला सुचणार नाही."

"रोज तर टीव्हीवर सुचतं."

मग हळूच म्हणाला, "आणि आईला आणू नकोस."

"आईला कोण आणतं?" मी म्हटलं. "ती येते."

एवढंच बोलणं झालं. तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू त्याला फोन केला असतास, आणि त्याने तुझं ऐकलं असतं. तो तुझं नेहमीच ऐकतो. वर्षभर तो घरी आला नव्हता हेही मी तुला कधी लिहिलं नाही. भांडण झालं नव्हतं. प्रवक्ता झाल्यावर तो एकदा आला, जेवायला बसला, आईने शाळेचं विचारलं. त्याने खिशातून हात काढला नाही. तोंडानेच, ओठ मोठे मोठे करून म्हणाला, "चांगलंच होणार आहे." परक्या बाईशी बोलावं तसं. आई ताट उचलून आत गेली. त्यानंतर दोघं एकमेकांना बघायचे ते टीव्हीतून. म्हणजे आईच बघायची.

रविवारी धुकं दुपारपर्यंत उठलंच नाही. सभागृहाच्या उंच खिडक्यांतून आत येणारा उजेड दुधाळ होता. गर्दी इतकी, की लोक पायऱ्यांवर बसलेले. तरी मला ते सगळं लांबचं वाटत होतं. मला व्यासपीठाच्या कडेला एका छोट्या चौथऱ्यावर उभं केलं होतं. त्या दिव्यात उभं राहिलं की आपले हात आपले राहत नाहीत. समोरचा बोलतो, हात हलतात, आपण मागे कुठेतरी बसून बघत असतो. झोपेत चालणाऱ्या माणसाला तसं वाटत असेल.

आधी दादा बोलला. रुग्णालयांत वाढलेल्या खाटा, डोंगराकडच्या वस्तीपर्यंत गेलेलं पाणी, नवा पूल. चष्मेवाल्या बाई उभ्या राहिल्या. खाटा आहेत पण नर्स कुठे आहेत, पूल झाला पण घरभाडी कुठे जाऊन पोचली. गंमत सांगू? विकास आणि महागाई, दोन्हींसाठी आमचे हात जिना चढल्यासारखे वरच जातात. फरक फक्त चेहऱ्यावर असतो. त्या दुपारी मी इतके जिने चढले.

मग लोकांचे प्रश्न. एक टॅक्सीवाला म्हणाला, पुलामुळे त्याची रोजची रखडपट्टी वाचली, तो मत यांनाच देणार, मग कोणाला राग आला तरी. टाळ्या पडल्या. एक नर्स उठली आणि म्हणाली, एका पाळीत तिला किती वॉर्ड सांभाळावे लागतात ते मंत्र्यांनी एकदा येऊन बघावं. तिलाही टाळ्या पडल्या, पुष्कळशा त्याच लोकांच्या. एका बाईंनी भाड्याचं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच रडायला लागल्या. दादा त्यांच्याशी चांगलं बोलला. खरंच चांगलं. तो काही वाईट माणूस नाही, मावशी, हे तुला सांगायला नको.

पुढच्या रांगेत बहिऱ्या लोकांसाठी जागा ठेवली होती. आई तिथे होती. तिच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, दोन तरुण शिक्षिका, काही पालक. निळा कोट घालून, मांडीवर पिशवी ठेवून ती बसली होती. दादाने तिला पाहिलं होतं. कारण त्यानंतर तो एकदाही त्या बाजूला वळला नाही.

तिने हात वर केला तेव्हा पाळी माझी होती. सूत्रसंचालक रेडिओवर बातम्या वाचणारे निवृत्त गृहस्थ. त्यांनी माईक पाठवला. आईने तो हाताने बाजूला केला, उभी राहिली आणि बोलायला लागली. हातांनी. आणि मी तिचा आवाज झाले.

"मी नदीकाठच्या शाळेत शिकले. नंतर तिथेच मुलींना शिवण शिकवलं. आता तुम्ही ती शाळा मोठ्या शाळेत मिसळताय. तुम्ही म्हणता तिथे शिक्षक असेल, यंत्र असेल, सगळं असेल. असेलही. मला एकच विचारायचं आहे. मधल्या सुट्टीत त्या मुलीने विनोद कोणाला सांगायचा?"

कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं.

यात एक गोष्ट तुला समजावून सांगायला हवी. आपल्या बोलण्यात "तू" असतं आणि "तुम्ही" असतं. आईच्या भाषेत समोरच्याकडे बोट दाखवतात, बस्स. देवाकडे, दुकानदाराकडे, मुलाकडे, मंत्र्याकडे, तेच बोट. तोंडाने बोलताना ते "तू" करायचं की "तुम्ही", हे मला त्या क्षणी ठरवावं लागतं. मी "तुम्ही" केलं. जाहीर सभा होती, ती नागरिक होती, तो सरकार होता.

दादाने पाणी प्यायलं आणि उत्तर दिलं. प्रशिक्षित शिक्षक, मिसळून शिकण्याचे फायदे, वर्गात बोललेलं लिहून दाखवणारे पडदे, मुलांना मोठं जग मिळणं. मी ते सगळं हातांनी आईला सांगितलं. एक शब्द गाळला नाही. दादा बोलत होता माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून.

त्याचं संपेपर्यंत आई उभीच होती. मग तिने पिशवी खुर्चीवर ठेवली. दोन्ही हात मोकळे केले. मधे ती तिच्या लहानपणाचं थोडं बोलली. ते नंतर सांगते. शेवटी तिने बोट त्याच्याकडे केलं, आणि ते बोट मी ओळखलं. आम्ही अंगणात भांडायचो तेव्हाचं, ताप आल्यावर कपाळाजवळ यायचं तेव्हाचं. आणि माझ्या तोंडून निघालं:

"तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस."

सभागृहातल्या सगळ्यांनी ते "तू" ऐकलं. मला ते ऐकू आलं तेव्हा ते तोंडातून गेलेलं होतं. दादाने मान वळवली. पहिल्यांदा माझ्याकडे, मग आईकडे. सूत्रसंचालक म्हणाले, "आपण पुढच्या प्रश्नाकडे वळूया का?" दादाने मान हलवून नाही म्हटलं.

मग त्याने खिशातला हात बाहेर काढला.

किती दिवसांनी हातांनी बोलत होता! बोटं ताठ, खुणा आमच्या लहानपणच्या, घरातल्या, आता कोणी वापरत नाही अशा. लहान मुलाने मोठ्या माणसाचा कोट घालावा तसं दिसत होतं. लोकांना कळेना हा काय करतोय. कोणीतरी ओरडलं, "तोंडाने बोला!" आणि मी, त्याची बहीण, आता त्याचाही "मी" झाले.

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "मला उत्तर माहीत आहे. तिने विनोद कोणालाच सांगायचा नाही."

पुढचं बोलायचं सोडून मी त्याच्या हातांकडेच बघत राहिले. माझ्या खांद्यावर हात आला. जोडीदारणीने माईक घेतला आणि बाकीचं ती बोलली. बरं झालं, तिच्या कोरड्या आवाजात ते जास्त नीट ऐकू गेलं.

"मी पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा मला थोडेच शब्द यायचे आणि तेही आईसारखे यायचे. मुलं गोल करून मला बोलायला लावायची आणि हसायची. मधल्या सुट्टीत मी भिंतीला टेकून उभा असायचो. घरी आलो की हातांनी इतकं बोलायचो की आई जेवण थांबवायची. हा निर्णय मी वाचला. तुम्हाला सगळ्यांना समजावला. मधल्या सुट्टीचं मी कोणाला विचारलं नाही."

मग त्याने "आई" ही खूण केली. ती जोडीदारणीने बोलून दाखवली नाही. तिला वाटलं, त्याची गरज नाही.

अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो केली. पुढच्या रांगेत सगळे हात वर होऊन हलत होते, आमच्या टाळ्या अशाच असतात. दुधाळ उजेडात ते हात हलताना पाहून मला क्षणभर आईच्या स्वप्नातल्या खिडक्या आठवल्या. चष्मेवाल्या बाई उठून म्हणाल्या, "बघा, त्यांचाच माणूस कबूल करतोय!" तेव्हा रेडिओवाले गृहस्थ जागे झाल्यासारखे म्हणाले, "तुम्ही निवडून आलात तर शाळा राहील का?" बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "आम्ही समिती नेमू." इतका हशा झाला की आईने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी लगेच सांगितलं. तीही हसली.

पुढचं तू ऐकलंच असशील. पक्षाने सांगितलं की प्रवक्त्यांची तब्येत बरी नाही. आता त्याच्या जागी एक चुणचुणीत मुलगी बोलते, चांगली बोलते. एका वर्तमानपत्राने लिहिलं, नाटक आधी ठरवलेलं होतं. दुसऱ्याने लिहिलं, विरोधकांनी एका म्हाताऱ्या बाईचा वापर केला. आईने दोन्ही बातम्या वाचल्या आणि म्हणाली, या लोकांना वाटतं मला स्वतःहून प्रश्न पडत नाहीत. सरकारने निर्णय मागे घेतलेला नाही. निवडणूक होईपर्यंत पुढे ढकललाय. म्हणजे या उन्हाळ्यात शाळा आहे. पुढच्या वर्षीचं कोणालाच माहीत नाही. शिक्षिका बाकांना रंग देतायत, राहिली तर राहिली म्हणून.

माझ्याबद्दल तक्रार गेली. वरिष्ठांनी बोलावलं. समोर चित्रफीत लावून विचारलं, "आधी तुम्ही 'तुम्ही' म्हणालात. मग 'तू' का म्हणालात?"

मी म्हटलं, "आधी तिने सरकारला विचारलं होतं. नंतर तिने त्याला विचारलं."

"खूण तीच दिसते आहे."

"हो. खूण तीच आहे."

त्यांनी चित्रफीत पुन्हा लावली. आईचा चेहरा थांबवून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "काही दिवस जाहीर कार्यक्रम नकोत. न्यायालय आणि रुग्णालय चालू ठेवा." तक्रारीवर त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मी आईलाच विचारलं, "तू 'तू' म्हणालीस की 'तुम्ही'?" ती कपडे वाळत घालत होती. तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिने ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "बाई गं, तुमच्या भाषेत केवढी कटकट आहे."

दादा आता रविवारी येतो. पहिल्या रविवारी दाराबाहेर उभाच राहिला. बेल दाबली की आमच्याकडे आत दिवा लुकलुकतो. तो इतका लुकलुकत होता की आईला वाटलं वीज जाणार. तिने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पहिलं काय केलं असेल? त्याची "माफ कर" ही खूण चुकली होती ती बरोबर करून दिली. त्याने जे केलं होतं त्याचा अर्थ होत होता, "मी लोणी." दोघं दारातच हसत सुटले. मग तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली. खूप आवाज केला, तिला थोडाच ऐकू येणार होता.

त्याला नोकरी नाही, काय करणार विचारलं की "बघू" म्हणतो. पक्ष सोडलेला नाही. म्हणतो, पाणी डोंगराकडे पोचवलं ते खरंच चांगलं काम होतं, आणि मला वाटतं तो बरोबर बोलतो. चेहरा मात्र सैल झालाय. झोपून उठल्यासारखा.

आता ते मधलं.

ही दोन-तीन पानं मी बघ कशी भरली. तू विचारलंस एक आणि मी सांगत बसले टॅक्सीवाला, नर्स, चष्मा. शेजारणीने सांगितलेलं तुला दादाबद्दल लागलं नाही, हे मला तुझ्या चार ओळींवरूनच कळलं होतं. "ती नेमकं काय बोलली?" म्हणजे माझ्याबद्दल काही बोलली का, असंच विचारलं आहेस ना तू?

हो, बोलली. सगळ्यांसमोर. तिचे शब्द होते तसे लिहिते.

"माझ्या लहानपणी घरी सगळ्यांची मी लाडकी होते. मला एक मोठी बहीण आहे. तिने मला कधी एकटं सोडलं नाही, हाताला धरून सगळीकडे न्यायची. जेवायला बसलं की सगळे बोलायचे आणि सगळे हसायचे. मी तिची बाही ओढून विचारायचे, काय झालं? ती माझ्या गालावर हात ठेवून सांगायची, नंतर सांगते. तिला सांगायचं असायचं. तिला माझ्या भाषेत ते कसं सांगायचं ते येत नव्हतं, कोणी तिला शिकवलंच नाही. मी शाळेत गेले त्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीने विनोद सांगितला. सगळ्या हसल्या आणि मीही हसले. त्याच वेळी. सगळ्यांबरोबर. तोपर्यंत मला वाटायचं, हसणं ही गोष्ट लोक मला बघितलं की मुद्दाम थांबवतात."

मावशी, ती हे रागाने बोलली नाही. तुझी खूण करताना, त्या दोन वेण्या, तिचा चेहरा सगळ्यात मऊ होता. पण तू हे वाचताना चष्मा काढून ठेवशील, हे मला दिसतंय, म्हणून इतका उशीर केला. तू आम्हाला बोलायला शिकवलंस, आम्ही दोघं त्यावर पोट भरतो. तुला मात्र कोणी काही शिकवलं नाही, आणि आम्हाला येत असूनही आम्ही शिकवलं नाही. तुम्हा दोघींच्या मध्ये मी इतकी वर्षं उभी राहिले, तुझं तिला, तिचं तुला, आणि मला वाटत राहिलं की तुम्ही दोघी बोलताय.

काल आईला तुझं पत्र दाखवलं. तिने वाचलं, घडी घातली. मग म्हणाली, "मी तिच्याकडे जाते."

मी म्हटलं, "जाऊया. मी रजा काढते."

ती म्हणाली, "तू नको. तू मध्ये असलीस की आम्ही दोघी तुझ्याकडेच बघत बसतो."

"मग बोलाल कशा?"

तिने खांदे उडवले. म्हणाली, "म्हाताऱ्या आहोत. आम्हाला कुठे जायची घाई आहे?"

म्हणून ती येते आहे, शनिवारच्या सकाळच्या गाडीने, एकटी. राहणार किती, ते ठरवलेलं नाही. निळा कोट असेल. स्टेशनवर गुडघा घेऊन येऊ नकोस, पत्ता तिच्याजवळ आहे आणि रस्ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. मी फोन करणार नाही. दादालाही करू देणार नाही. तुम्हाला काही अडलं तर अडू दे.

फक्त एक कर. दार वाजलं की आतून "कोण आहे?" म्हणून विचारत बसू नकोस. नुसतं उघड.

तुझी आणि तिची,
टिटवी